सानगडीच्या धानपट्ट्यांतील कुटुंब आणि वार्धक्य

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, पत्रें, ताम्रपट आणि बखरी हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील सानगडीस जाणारा अभ्यासकहि साहजिकच तेथील किल्ल्याचे अवशेष पाहतो, त्यांचीं मापें घेतो आणि परततो. गांवांतील घरें त्याच्या टिपणांत येत नाहींत. परंतु त्या घरांत कोण जगलें, कोण अकालीं गेलें आणि मागें राहिलेल्यांस कोणीं सांभाळिलें, हाहि इतिहासच होय. प्रस्तुत लेखांत सानगडी व तिच्या भोंवतालचा धानपट्टा डोळ्यांपुढें ठेवून, तेथील कुटुंबाची वयोरचना गेल्या सव्वाशें वर्षांत कशी बदलत गेली याचा विचार करावयाचा आहे.

या विचारास निमित्त एका रूढ समजुतीचें आहे. पूर्वीं एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांची आबाळ होत नसे, ती अलीकडे मुलें शहरांत जाऊं लागल्यापासून होऊं लागली, असें आपण नेहमीं ऐकतों. ही समजूत अगदींच निराधार नाहीं. पण ती जशीच्या तशी मान्य करण्यापूर्वीं साधनांवर घासून पाहणें अवश्य आहे.

१. साधनें व त्यांच्या मर्यादा

मध्यप्रांतांत पहिली खानेसुमारी १८६६ सालीं झाली. पुढें १८७२ व १८८१ सालीं, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनीं नियमानें शिरगणती होत गेली. वयाचीं कोष्टकें जिल्हावार छापलीं जात. त्यामुळें सानगडीबद्दल बोलतांना आधार भंडारा जिल्ह्याच्या, कोठें सबंध प्रांताच्या व देशाच्या आंकड्यांचा घ्यावा लागतो. दुसरें साधन कोतवालाच्या नोंदीचें. गांवांतील जन्ममृत्यूची खबर कोतवालानें पोलीस ठाण्यावर जाऊन द्यावयाची, अशी या प्रांतांत रीत होती.

या साधनांत दोष आहेत. आपलें वय नेमकें कोणासच ठाऊक नसे. गणनाकारानें विचारिलें म्हणजे चाळीस, पन्नास, साठ असे पूर्णांक सांगितले जात. म्हणून जुन्या कोष्टकांत दर दहाव्या आंकड्यावर माणसांचा ढीग पडलेला दिसतो. शिवाय हद्दीहि बदलल्या. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं वेगळा झाल्यामुळें १९०१ चा भंडारा आणि २०११ चा भंडारा यांची सरळ तुलना करतां येत नाहीं. एवढें सावधपण बाळगून या साधनांचा उपयोग केला पाहिजे.

२. दुष्काळ : दोन्ही टोंकें गेलीं

१८९१ सालीं भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७,४२,८५० होती. १९०१ सालीं ती ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत जवळजवळ ऐंशीं हजार माणसें, म्हणजे शेंकडा अकराच्या सुमारास, कमी झालीं. या दोन गणनांच्या मध्यें १८९६-९७ आणि १८९९-१९०० (शके १८२१) असे दोन दुष्काळ आहेत. हा मुलूख धानाचा. धानास पावसाळ्याच्या अखेरचें पाणी मिळालें नाहीं, तर लोंबींत दाणा भरत नाहीं. १८९६ त पाऊस आधींच आटोपला. १८९९ त तो जवळजवळ आलाच नाहीं.

दुष्काळांत मृत्यु सर्वांस सारखा गांठत नाहीं. लहान मुलें आणि वृद्ध हीं कुटुंबाचीं दोन टोंकें तो प्रथम तोडतो; मधल्या वयाचीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर जाऊन कशीबशी तगतात. स्त्रिया उपासमारींत पुरुषांपेक्षां अधिक टिकतात हेंहि तेव्हां दिसून आलें. १९०१ च्या गणनेंत मध्यप्रांतांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक भरली. या आधिक्याचा घराच्या दृष्टीनें अर्थ असा कीं, दुष्काळानें मागें विधवा ठेविल्या. जमिनीचा वारसा पुरुषांच्या हातीं असल्यामुळें यांतील पुष्कळींस दिराच्या किंवा भावाच्या दारीं राहावें लागलें असणार. हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत मर्यादित कां होईना पण कायद्यानें हिस्सा मिळाला तो १९३७ सालीं, म्हणजे या दुष्काळानंतर छत्तीस-सदतीस वर्षांनीं.

३. इन्फ्लुएंझा : मध्य कोसळला

पुढील दशकांत प्रांताची लोकसंख्या झपाट्यानें वाढली. परंतु १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएंझाची दुसरी व भयंकर लाट आली. सबंध हिंदुस्थानांत तिनें किती बळी घेतले याविषयीं मतभेद आहेत. अलीकडील अभ्यासकांचे अंदाज सुमारें एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशीं लाखांपर्यंत जातात. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वांत अधिक होरपळलेल्या भागांपैकीं होता. खबर देणारे कोतवालहि अंथरुणास खिळल्यामुळें त्या महिन्यांची नोंद ठिकठिकाणीं विस्कळीत झाली.

या सांथीची रीत दुष्काळाच्या उलट होती. तिनें विशेषेंकरून वीस ते चाळीस वर्षांच्या वयाचीं माणसें नेलीं, आणि त्यांतहि स्त्रिया अधिक. दुष्काळानें विधवा ठेविल्या, तर सांथीनें विधुर आणि आईवांचून मुलें ठेविलीं. कर्ती पिढी गेली म्हणजे घरांत आजी आणि नातू एवढेंच उरतें. जिच्या सुनेनें व मुलानें तिला सांभाळावयाचें, तीच साठीच्या घरांतील बाई पुन्हां चूल पेटवून नातवंडांस वाढवूं लागते. त्या वर्षीं पाऊसहि पुरेसा झाला नव्हता, म्हणून हा भार अर्धपोटीं उचलावा लागला.

१९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानांतील जन्मवेळचें सरासरी आयुर्मान अवघें वीस वर्षांच्या आसपास होतें. याचा अर्थ कोणी म्हातारे होतच नसत असा नाहीं. बालमृत्यूमुळें सरासरी खालीं येई. बालपण ओलांडलेलीं कांहीं माणसें सत्तरी पाहत. पण एकंदरींत १९०१ सालीं देशांत साठ व त्यावरील वयाचीं माणसें शेंकडा पांचच होतीं. म्हणजे पुष्कळ घरांत सांभाळावयास वृद्ध माणूसच नव्हतें. आणि जें माणूस वार्धक्यापर्यंत पोंचे त्यानें बहुधा आपलीं कांहीं मुलें आपल्यादेखत गमाविलेलीं असत. एकत्र कुटुंबानें वृद्धांस सांभाळिलें हें खरें धरलें, तरी त्या कुटुंबाची परीक्षा फार थोड्या प्रसंगीं झाली होती, हेंहि मान्य केलें पाहिजे. एकाकी म्हातारपण त्या काळींहि होतें. तें मृत्यूच्या फटकाऱ्यानें येई, एवढेंच.

४. गांवाचा आधार

मग अशा माणसांस आधार कशाचा होता ? केवळ नात्याचा म्हणणें पुरेसें नाहीं. या धानपट्ट्याचें वैशिष्ट्य म्हणजे येथील तलाव. शिवणीबांध, नवेगांवबांध यांसारखे मोठे जलाशय व गांवोगांवचे शेंकडों लहान तलाव बांधण्याचें श्रेय मुख्यतः कोहळी समाजाकडे जातें. १८६० नंतरच्या बंदोबस्तांत मालगुजारांस जमिनीचे मालकी हक्क मिळाले, तेव्हां तलावहि त्यांच्याकडे आले. मात्र रयतेचे पाणी, चराई व सरपण यांविषयींचे निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्जांत नमूद होत असत. ज्या विधवेस बांधीभर जमीन नाहीं, तिलाहि जंगलांतील मोहफुलें, सरपण आणि तलावांतील मासळी यांचा थोडाफार आसरा राही. ही व्यवस्था आदर्श होती असें मात्र कोणी समजूं नये. मालगुजाराकडे वेठबिगार होती, आणि गांवाच्या ओट्यावर कोणास किती जागा हें जातीवर ठरे. तथापि वृद्धांचें पोट केवळ पोटच्या मुलावर अवलंबून नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी बाजू हातांची. तलावाची पाळ दुरुस्त करणें, गाळ काढणें, आषाढ-श्रावणांत थोड्या दिवसांत रोवणी उरकणें, हीं कामें तरण्या माणसांचीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क सरकारकडे गेले. अन्यायाचें एक मूळ त्यायोगें तुटलें हें चांगलेंच झालें. पण तलावाची निगा राखण्याची गांवची जुनी रीतहि त्याबरोबर सैल झाली.

५. जीवनाचा विजय व त्याचें मोल

१९२१ नंतर मृत्यूचें प्रमाण उतरूं लागलें. मोठे दुष्काळ व सांथी आटोक्यांत आल्या, देवी गेली, हिंवताप कमी झाला. १९५१ नंतर हा उतार अधिक वेगानें झाला. जन्माचें प्रमाण मात्र बराच काळ जुन्याच पातळीवर राहिलें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें तें १९२१ सालींच. त्या वेळीं त्यांची पुष्कळ हेटाळणी झाली. सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ त सुरू झाला. फळ यावयास आणखी एक पिढी जावी लागली. महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत २.९ च्या जवळ होतें, तें २०१९-२१ च्या पाहणींत १.७ वर आलें. पिढीची जागा पिढीनें भरून काढण्यास हें प्रमाण सुमारें २.१ असावें लागतें. देशाचें जन्मवेळचें आयुर्मान २०१५-१९ या काळांत ६९.७ वर्षांवर गेलें.

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ११,३६,१४६ होती, २०११ सालीं १२,००,३३४ झाली. ही वाढ शेंकडा ५.६५ होय, त्याच दशकांत महाराष्ट्राची वाढ शेंकडा १५.९९ होती. जन्म कमी झाले आणि तरुण माणसें नागपुराकडे व त्याहि पलीकडे कामास गेलीं, अशा दोन्ही कारणांनीं ही वाढ मंदावते. २०११ सालीं देशांत साठीवरील माणसें शेंकडा ८.६ झालीं होतीं, तर महाराष्ट्रांत ९.९. त्यानंतरची गणना १९८१, १९९१ यांप्रमाणें ठरल्या सालीं, म्हणजे २०२१ त, होऊं शकली नाहीं. परंतु २०३६ सालीं देशांतील हें प्रमाण शेंकडा १४.९ होईल असा सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञ गटाचा अंदाज आहे.

१९०१ च्या कोष्टकाशीं हें ताडून पाहिलें म्हणजे फरक स्पष्ट होतो. तेव्हां टोंकें तुटलीं होतीं, १९१८ त मध्य तुटला, आणि आतां पाया अरुंद होत आहे. पहिलीं दोन्ही संकटें होतीं. तिसरें संकट म्हणतां येत नाहीं. मुलें जगतात म्हणून थोडीं होतात, शिकतात म्हणून बाहेर जातात, आणि आईबाप दीर्घायुषी होतात म्हणून मागें राहतात. आजच्या वृद्धाचें एकटेपण कुटुंबाच्या अपयशांतून नव्हे, तर त्याच्या यशांतून आलेलें आहे. म्हणूनच मुलांस दोष देऊन तें दूर होणार नाहीं.

राज्यसंस्थेनें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ पासून दरमहा ७५ रुपयांनीं सुरू झालें. महाराष्ट्रांतील श्रावणबाळ योजनेंतील रक्कम २०२३ सालीं दरमहा १,५०० रुपये करण्यांत आली. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं स्वतंत्र कायदा झाला. योजनेस श्रावणबाळाचें नांव देण्यांत जुनीच कल्पना दिसते, कीं हें काम मुलाचें. पण ज्या घरांतून मुलगा दूर गेला, किंवा जेथें मुलीच आहेत, तेथें गांवानें पूर्वीं कांहीं अंशीं दिलेला आधार आज नव्या व न्याय्य रूपानें कोण देणार, हा प्रश्न कायद्यानें पुरता सुटत नाहीं. तलावाची पाळ असो वा म्हाताऱ्याचें औषध असो, दोहोंस आतां एकट्या घराचे हात पुरत नाहींत.

६. उपसंहार

दिवाळीनंतर या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते. लेकी माहेरीं येतात, कामास गेलेलीं मुलें परततात, रात्रीं नाटक होतें. त्या एका दिवसाची गणना केली, तर गांव भरलेलें दिसेल. चार दिवसांनीं केली, तर तेंच गांव वयस्कांचें दिसेल. दोन्ही गणना खऱ्याच. कुटुंब मोडलेलें नाहीं, तें पसरलें आहे. आणि पसरलेल्या कुटुंबाचें कल्याण कसें साधावें याचा नमुना आपल्या पूर्वजांकडून आपणांस मिळालेला नाहीं, कारण त्यांच्यावर हा प्रसंगच आला नव्हता.

शेवटीं वाचकांस एक विनंति. कोतवालांच्या जुन्या नोंदी, शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें, वाजिब-उल-अर्जाच्या प्रती आणि घरोघरच्या जन्मटिपणांच्या वह्या आजहि कोठें कोठें पेट्यांत पडून आहेत. त्यांस वाळवी लागण्यापूर्वीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या. तसेंच गांवांतील ऐंशीच्या पुढील माणसांपाशीं बसून, त्यांच्या लहानपणीं घरांत किती माणसें होतीं, त्यांपैकीं किती जगलीं आणि आजीस कोणीं सांभाळिलें, एवढे तीन प्रश्न तरी विचारून उत्तरें लिहून घ्यावीं. सानगडीचा किल्ला आणखी कांहीं काळ उभा राहील. हे साक्षीदार तितके थांबणार नाहींत.