दहा जानेवारी ते दहा मार्च : प्लेग, लस आणि रुग्णाजवळची माणसे

१/ १० जानेवारी १८९७. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः सिद्ध केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले निवर्तल्या. या दोन तारखांमध्ये काय घडत होते, त्याविषयी आजचा थ्रेड. 🧵

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग ओळखला. ज्यांना शक्य होते ते मुंबई सोडून गेले. डॉक्टर, परिचारिका, डोली वाहणारे, वॉर्ड झाडणारे मात्र राहिले. त्यांना नेमका धोका कोठून आहे, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

३/ प्लेगची दोन मुख्य रूपे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे कळेल. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो. रुग्णाला स्पर्श केल्याने तो सहसा जडत नाही. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्याच्या तुषारांतून थेट शुश्रूषा करणाऱ्याला गाठतो. १८९७ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयाचे डॉ. मॅन्सर असेच गेले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. पिसवेचा माग पॉल-लुई सिमों यांनी कराचीत काढला तो १८९८ साली, आणि त्यावरही कित्येक वर्षे फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

४/ याच मुंबईचा एक धागा व्हिएन्नापर्यंत जातो. तेथील विज्ञान अकादमीच्या पथकासोबत डॉ. हर्मन म्युलर १८९७ मध्ये मुंबईत आले, रुग्ण तपासले आणि सुखरूप परतले. पथकाने अभ्यासासाठी जंतू मात्र सोबत नेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतील मदतनीस फ्रांझ बारिश याला फुप्फुसाचा प्लेग झाला. उपचार म्युलर यांनी केले. बारिश गेला, पाच दिवसांनी स्वतःच्या रोगाचे निदान स्वतःच करून म्युलर गेले, आणि मग परिचारिका आल्बिने पेखा. सहस्रावधी रुग्णांच्या शहरातून वाचलेला वैद्य एका परीक्षानळीच्या वाटेने गेला!

५/ आता लसीकडे वळू. हाफकिन यांची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायचे ते मांसाच्या रसात. पण गोमांस वा डुकराचे मांस वापरले असते तर लस कोणी घेतलीच नसती. म्हणून रस बकऱ्याच्या मांसाचा, आणि त्यावर तुपाचे थेंब, ज्यांना लटकून जंतूंचे धागे खाली वाढत. (प्रयोगशाळेत तूप! आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासातील माझा हा अत्यंत आवडता तपशील.) मग उष्णता देऊन जंतू मारायचे.

६/ जानेवारीअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली त्यांच्यात लागण व मृत्यू, दोन्ही न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. तथापि ही लस अभेद्य कवच नव्हती. ती धोका साधारण निम्म्यावर आणी. शिवाय ताप येई, दंड सुजे. रोजंदारीवर जगणाऱ्याला दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

७/ त्याच सुमारास पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगितले जाते. नवी लस तेव्हा मुंबईत नुकतीच आपली परीक्षा देऊन बाहेर पडत होती. सावित्रीबाईंच्या निधनाचा हिशेब मांडताना हे वेळापत्रक विसरू नये.

८/ यशवंतरावांची गोष्ट निराळी. १९०५ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच तेही गेले. तोवर परळच्या प्रयोगशाळेतून लसीच्या लाखो मात्रा बाहेर पडल्या होत्या. तुटवडा होता तो विश्वासाचा. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला.

९/ पुढे उलगडले ते असे : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. तोपर्यंत पाच वर्षे गेली होती, आणि यशवंतराव जाऊन दोन वर्षे झाली होती. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.