अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद आणि दख्खनचे दंगे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरीस मुभा असावी की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात तेथे तीव्र राजकीय संघर्ष झाला. त्याचे दूरगामी परिणाम पुणे जिल्ह्यातील शिरूर व भीमथडी या तालुक्यांपर्यंत पोहोचले. आजचे दौंड त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडत असे.

१८२० च्या मिसुरी तडजोडीने, मिसुरी राज्याचा अपवाद करून, लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घातली. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून मोठा मुलूख मिळाल्यावर वाद पुन्हा पेटला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने हा निर्णय त्या प्रदेशांतील रहिवाशांवर सोपविला. परिणामी कॅन्ससमध्ये रक्तपात झाला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घालण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला. गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणारे अब्राहम लिंकन १८६० मध्ये निवडून येताच दक्षिणेतील राज्ये फुटू लागली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले.

दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने ब्रिटिश गिरण्यांचा कापूस अडला व मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. शिरूर-भीमथडीत कापसाचे पीक मर्यादित होते. तथापि तेजीच्या काळात धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळाली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. पुढे धान्याचेही उतरले. त्यातच फेरआकारणीने शेतसारा वाढला. कर्जे मात्र फुगतच गेली.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराने एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा बजावताच गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले, जीवितहानी मात्र जवळपास झाली नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली.

दंग्यांच्या दोनच वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता.