शीट फिल्म आणि बारीक कण

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी कोडॅकची 'एक्टाकलर' ही रंगीत निगेटिव्ह शीट फिल्म १९४७ मध्ये आली. १९४२ ची 'कोडाकलर' रोल फिल्म धुण्यासाठी कंपनीकडेच पाठवावी लागे. एक्टाकलर मात्र स्टुडिओतल्या डार्करूममध्ये धुता येई. कोडॅकचे रसायनशास्त्रज्ञ वेस्ली हॅन्सन यांनी शोधलेले रंगीत कपलर (धुताना रंगद्रव्य तयार करणारी रसायने) तिच्यात होते. रंगद्रव्यांतले दोष ते आपोआप भरून काढत. रंगीत निगेटिव्हवर दिसणारी नारिंगी झाक त्यांचीच.

रंगीत निगेटिव्ह धुताना तिच्यातली चांदी निघून जाते आणि रंगाचे सूक्ष्म ठिपके उरतात. प्रिंटमध्ये 'ग्रेन' म्हणून दिसतात ते हेच ठिपके. १६×२० इंची प्रिंटसाठी ३५ मिमी निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते, ४×५ इंची शीट फक्त चौपट. त्यामुळे एरवीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये शीट फिल्मचा ग्रेन डोळ्यांना जाणवतच नसे.

साहजिकच शीट फिल्म निवडताना एक्स्पोजर किती वेळाचे, याला अधिक महत्त्व असे. प्रकाश फार वेळ पडत राहिला की फिल्मची संवेदनशीलता घटते, तीही तिन्ही रंगथरांत सारखी नाही. परिणामी रंगांचा तोल बिघडतो. म्हणून एक्टाकलर आणि पुढे 'व्हेरिकलर' या फिल्म दोन प्रकारांत मिळत. 'टाइप एस' फ्लॅश आणि दिवसाच्या प्रकाशातल्या छोट्या एक्स्पोजरसाठी होती, तर 'टाइप एल' टंग्स्टन दिव्यांखाली काही सेकंद चालणाऱ्या एक्स्पोजरसाठी. मिट्ट अंधारात होल्डर भरताना फिल्म ओळखायची ती शीटच्या कडेच्या खाचांवर बोट फिरवून. खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची बाजू आपल्याकडे आहे, हेही कळे.

ग्रेन बारीक करण्याची खरी निकड होती ती छोट्या फिल्मना. १९७२ मध्ये ११० आकाराच्या कॅमेऱ्यांसोबत 'कोडाकलर २' आली. तिची फ्रेम अवघी १३×१७ मिमी असल्याने ग्रेन बारीक असणे भागच होते. तिच्याबरोबर आलेली सी-४१ प्रक्रिया पुढे शीट फिल्मनेही स्वीकारली. १९८० च्या दशकात चपट्या स्फटिकांचे 'टी-ग्रेन' इमल्शन आले आणि त्याचा लाभही यथावकाश मोठ्या आकारांपर्यंत पोहोचला. त्या दशकाच्या अखेरीस आलेली अतिशय बारीक ग्रेनची 'एक्टार २५' मात्र शीटमध्ये मिळाली नाही.

'पोर्ट्रा' मालिका १९९८ मध्ये सुरू झाली. २००८ ची 'एक्टार १००' दोन वर्षांनी ४×५ आणि ८×१० शीटमध्ये आली; जगातली सर्वांत बारीक ग्रेनची रंगीत निगेटिव्ह फिल्म, असा कोडॅकचा दावा होता. पोर्ट्रा १६० चे एनसी (नैसर्गिक रंगांचा) आणि व्हीसी (ठळक रंगांचा) हे दोन प्रकार २०११ मध्ये मोडीत निघून त्यांच्या जागी एकच 'पोर्ट्रा १६०' आली. कोडॅकच्या प्रिंट ग्रेन इंडेक्समध्ये २५ हा आकडा म्हणजे ग्रेन डोळ्यांना जेमतेम जाणवण्याची सीमा. चौपट मोठ्या केलेल्या शीटच्या प्रिंटमध्ये एक्टार १०० आणि पोर्ट्रा १६० या दोन्ही फिल्म त्या सीमेच्या आसपासच राहतात. त्यामुळे गडद रंग आणि जास्त कॉन्ट्रास्ट हवा असेल तर एक्टार, त्वचेच्या सौम्य छटा आणि एक्स्पोजरमध्ये चुकीला वाव हवा असेल तर पोर्ट्रा, अशी निवड होते.