वादकौशल्य : पेण व रोहा

वादकौशल्य म्हणजे आपले म्हणणे कारणांसह मांडणे, समोरच्याचे मुद्दे तपासून खोडणे किंवा मान्य करणे आणि ऐकणाऱ्याचे मत वळवणे. हे शिकून आणि सरावाने येते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे शेजारशेजारचे तालुके. भूदान चळवळीचे विनोबा भावे, स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख या तिघांचे मूळ किंवा बालपण याच पट्ट्यातले. तिघेही बोलून माणसे वळवणारे, पण तिघांच्या वाटा एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या. त्यामुळे हे कौशल्य समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणे कठीण.

शास्त्र. भारतीय परंपरेत या विद्येची बैठक गौतमाच्या न्यायसूत्रांत सापडते. सत्य शोधण्यासाठी चाललेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चाललेली तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडत सुटणे ही वितंडा. युक्तिवादाची अंगे पाच : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसे चुलीत. डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. शाळकरी मुलाला फळ्यावर हे पाच टप्पे लिहून दाखवले, तर त्याच्या भाषणातला अर्धा पसारा आपोआप गळून पडतो. न्यायसूत्रे लबाडीचीही दखल घेतात. कोणी ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला माणूस दाखवावा आणि प्रतिपक्षाने ‘नऊ कुठे, याच्याकडे तर एकच आहे’ म्हणावे, हे वाक्छल. अशा बावीस प्रसंगांची यादी दिली आहे, जिथे वादी हरला असे समजावे. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांना दिलेला सल्ला याहून व्यवहारी आहे. चर्चेत उतरण्याआधी प्रतिपक्षी आपल्यापेक्षा वरचढ आहे, बरोबरीचा आहे की कमी, आणि भोवतालची सभा जाणकार आहे की अजाण, अनुकूल आहे की प्रतिकूल, हे आधी हेरावे. स्नेहाने चाललेली चर्चा आणि हमरीतुमरीची चर्चा, दोन्हींचे नियम तिथे वेगळे सांगितले आहेत.

रोहा. पांडुरंगशास्त्रींचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात झाला. संस्कृत व्याकरण, न्याय आणि वेदान्त ते जुन्या पाठशाळेच्या रीतीने शिकले, आणि पुढे मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही वाचून काढले. दोन्ही बाजूंचे वाचन पक्के असणे हा वादपटूचा पहिला गुण, आणि तो त्यांच्यात होता. १९५४ साली जपानमधील जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी गीतेवर मांडणी केली. त्या वेळी त्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला : या विचाराप्रमाणे जगणारा एखादा तरी समाज तुमच्या देशात आहे का? खंडनाचा याहून नेमका नमुना मिळणे अवघड. त्यात ना तत्त्वज्ञान खोडले होते, ना वक्त्याचा मान कमी केला होता, फक्त पुरावा मागितला होता. पांडुरंगशास्त्री परतले आणि १९५८ पासून त्यांचे अनुयायी सौराष्ट्रातील गावांत ‘भक्तिफेरी’ला जाऊ लागले. शिदोरी स्वतःची, यजमानाकडून अपेक्षा काही नाही, घरोघरी जाऊन नुसते बोलणे. मागणे काहीच नसले की ऐकणाऱ्याचा संशय गळतो, आणि अशा वळवण्यात नेमके हेच सर्वांत कठीण काम असते.

चिंतामणराव देशमुख (जन्म १४ जानेवारी १८९६, नाते, महाडजवळ) यांचे वडील रोह्याला वकिली करत. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री, आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून १९५६ च्या जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत निवेदन केले. महाराष्ट्रात त्या वेळी भावनेचा पूर आला होता. देशमुखांचा भर मात्र कार्यपद्धतीवर होता. निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चेविना झाला आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराच्या चौकशीची मागणी मानली गेली नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप. पंतप्रधानांच्या समोर, त्यांच्याच सरकारच्या कारभारावर बोट ठेवणारे हे भाषण मराठी माणसाने मराठीच्या प्रश्नावर केलेल्या युक्तिवादांत फार वरच्या जागी ठेवावे लागते. नियमाचा आधार घेतलेला आक्षेप ‘प्रांताभिमान’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

पेण. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. बडोद्यात शिकत असताना त्यांनी मित्रांसह विद्यार्थी मंडळ चालवले. तिथे भाषणे होत, वाचन चाले. १९१६ साली ते काशीला गेले. गंगेच्या घाटावर संध्याकाळी द्वैती (जीव आणि ब्रह्म वेगळे मानणारे) आणि अद्वैती (दोन्ही एकच मानणारे) पंडितांचे वाद रंगत आणि शेवटी अद्वैती जिंकल्याचे जाहीर होई. एके दिवशी विनोबा उठले आणि अद्वैती हरला असे म्हणाले. सभा चकित झाली. त्यांचे कारण एवढेच, की दोन मानल्याशिवाय वाद उभा राहत नाही, म्हणून वादाला बसलेला अद्वैती बसल्या क्षणीच आपला सिद्धान्त सोडून देतो. एकविशीतल्या तरुणाने प्रतिपक्षाचे गृहीतकच काढून घेतले होते.

पुढे त्यांनी वादाची ही धारच बाजूला ठेवली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सभेपुढेच ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदारांनी शंभर एकर देऊ केली. मग गावोगाव ते सांगू लागले, की पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. यात जमीनदार गुन्हेगार ठरत नाही, बाप ठरतो, आणि देण्याची वाट मोकळी होते. अशा रीतीने चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन जाहीर झाली. तिच्यातली पुष्कळ नापीक निघाली आणि बरीच भूमिहीनांपर्यंत पोचली नाही, हेही इथे नोंदवायला हवे. सभेत मिळवलेला होकार सातबाऱ्यावर उतरेपर्यंत काम अपुरेच राहते.

वाद लोकांचा. या पट्ट्यात वादकौशल्य फक्त व्यासपीठावर राहिले नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचे मत सरकारी यंत्रणेमार्फत घेतले गेले. विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा सरकारच्याच कागदांतून आलेला होता : ज्या शेताला पाणी मिळावे म्हणून धरण बांधले, तेच शेत उद्योगाला कसे देता? प्रतिपक्षाचे जुने वचन त्याच्यासमोर ठेवणे हे वादातले जुने आणि बिनखर्चाचे शस्त्र. प्रकल्प पुढे बारगळला.

दक्षिणेला महाडचे चवदार तळे. दलितांच्या पाणी भरण्याच्या हक्कासाठी झालेल्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्या हक्काचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला. तळ्यावर आपलाच हक्क आहे, असा अनादी प्रघात सवर्णांनी सांगितला होता, त्यामुळे तो सिद्ध करण्याचा भारही त्यांच्यावरच होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात प्रघात सिद्ध झाला नाही.

शिकवणे. मराठीत भाषणाची पद्धतशीर जोपासना पुण्यात १८७५ साली सुरू झालेल्या व्याख्यानमालेपासून, न्या. रानडे यांच्या पुढाकाराने, रुजली. आजच्या शालेय वादविवाद स्पर्धेत विद्यार्थी विषयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतो, घंटा झाली की थांबतो. मोठी उणीव ही, की बहुतेक मुले पाठ केलेले भाषण म्हणून दाखवतात आणि खंडनाची वेळ आली की अडखळतात. यावर उपाय म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन्ही बाजू मांडायला लावणे, आणि उत्तर देण्याआधी प्रतिपक्षाचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगायला लावणे.

पेणमध्ये गणेशमूर्तींचे कारखाने आहेत, त्यामुळे अशा सरावासाठी विषय दारातच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींवर बंदी आणली, आणि मूर्तिकारांची पोटे तर याच मूर्तींवर चालतात. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास परवानगी दिली, पण नैसर्गिक जलाशयात विसर्जनास मनाई ठेवली. शाडूच्या मूर्तीचे वजन, तिला वाळायला लागणारा वेळ, प्लास्टर पाण्यात किती काळ टिकते, कृत्रिम तलावातला गाळ कुठे जातो, हे प्रश्न कारखान्यात जाऊन विचारलेला विद्यार्थी आणि वर्तमानपत्राचे कात्रण पाठ केलेला विद्यार्थी, यांच्यातला फरक परीक्षकाला पहिल्या मिनिटात कळतो.