बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. वऱ्हाडावर पोर्तुगिजांची सत्ता कधीच नव्हती. तरीही येथे हाच शब्द रूढ आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेल्यानंतर कचेऱ्या व शाळांच्या सुट्टीमुळे तो इतरांच्याही परिचयाचा झाला. परंतु सरकारी सुट्टी आणि घरचा सण यांत मोठे अंतर असते. बुलढाणा जिल्ह्यात नाताळ हा कुटुंबाचा सण कसा बनला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुष्काळ आणि कुटुंब :
‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात कार्य सुरू केले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी अकोला येथे व मुलींसाठी खामगाव येथे मिशनने अनाथालय चालविले. अशा संस्थांत वाढलेल्या मुलामुलींचे विवाह पुष्कळदा परस्परांत होत आणि त्यांतून ख्रिस्ती समाजातील नवी घरे उभी राहत.

मराठी सणांचा कणा नातेसंबंधांचा असतो. दिवाळीला लेक माहेरी येते, भाऊबीजेला भावाला ओवाळते. ज्या मुलीचे माहेरच दुष्काळाने पुसून टाकले, तिने सणाला कोठे जावे? या प्रश्नाच्या प्रकाशात नाताळकडे पाहिल्यास त्याचे सामाजिक महत्त्व ध्यानी येते. रक्ताची नाती तुटलेल्या माणसांना मंडळीत नवे काका, मामा, मावशी लाभल्या.

सणाचे मराठी रूप :
सण नवा असला तरी त्याची रीत परिचयाची राहिली. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू असा दिवाळीचाच फराळ नाताळात होतो. आकाशकंदिलाच्या जागी दारावर चांदणी लागते. गाणी म्हणणाऱ्यांचा मेळा घरोघर जातो. उपासनेनंतर फराळाची ताटे हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांकडे पोहोचतात. दिवाळीत आणि ईदेला त्यांच्याकडून आलेल्या ताटांची ती परतफेड असते. कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या रचनांमुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन व भजन रुजले.

ऋतुमानही अनुकूल ठरले. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते. १८७० मध्ये रेल्वेने जोडल्या गेलेल्या खामगावच्या बाजारात याच सुमारास कापूस येतो आणि मजुराच्या हातीही चार पैसे खेळतात. मुलांचे नवे कपडे व फराळाचे साहित्य यांचा या हंगामाशी संबंध असणे स्वाभाविक होय.

निष्कर्ष :
नाताळला केवळ परकीय अनुकरण म्हणणे इतिहासाला धरून नाही. दुष्काळाने ज्यांचे घर हिरावले, त्यांनी या सणातून पुन्हा घर उभे केले. मिशनच्या अहवालांत अनाथांची संख्या येते. त्यांच्या चुलीची हकीकत मात्र वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत असते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ती वेळीच नोंदवून घेणे अगत्याचे आहे.