एक पाकीट, अनेक गांवें



निरोप पोंचविण्याच्या रीती आपल्याकडे पूर्वापार तीन आहेत. पत्र एकासाठीं असतें. दवंडी साऱ्या गांवासाठीं असते. आणि लग्नाचें आवतण निवडक घरांसाठीं असतें. पहिल्या दोन रीती सोप्या आहेत. खरी पंचाईत तिसरीची. कारण तिच्यांत घरें अनेक असतात, पण सगळीं नसतात, आणि तीं एका आळींतहि नसतात. संगणकांच्या जाळ्यांत ही तिसरी रीत बसविण्याचा जो खटाटोप झाला, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभ आपल्या टपालापासूनच करूं. हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत आखाडा बाळापूर हें गांव आहे. अकोला जिल्ह्यांतहि एक बाळापूर आहे. पाकिटावर नुसतें ‘बाळापूर’ लिहिलें, तर तें कोठें जावें? असे घोटाळे टाळण्यासाठीं १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन क्रमांक सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयांतील अधिकारी, आणि संस्कृतचे नामांकित कवि होते. त्यांच्या योजनेमुळें एका बाळापुराचा क्रमांक ४३१ नें, तर दुसऱ्याचा ४४४ नें सुरू होतो, आणि अक्षर न लागलें तरी पाकीट वाट चुकत नाहीं.

परंतु प्रत्येक मुक्कामावर प्रत्येक पत्ता वाचीत बसल्यास टपाल कधींच पोंचणार नाहीं. १८६३ सालीं अलाहाबाद व कानपूर यांच्या दरम्यान धांवत्या आगगाडींत पत्रें निवडण्यास प्रारंभ झाला. एका दिशेचीं पाकिटें एका थैलींत भरावीं, तोंड बांधून मोहोर करावी आणि वर चिठ्ठी लावावी, ही टपालाची पद्धति. वाटेंतील माणूस चिठ्ठी तेवढी पाहतो व थैली या गाडींतून त्या गाडींत टाकतो. आंतील पत्त्यांशीं त्याला कर्तव्य नाहीं.

इंटरनेटवरहि मजकुराचे लहान लहान तुकडे करून पाठवितात, आणि त्यांना पाकिटेंच म्हणतात. प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र बसलेलें असतें. तें पूर्ण पत्ता वाचतें, मोठ्या तक्त्यांत शोधतें आणि पाकीट पुढें लोटतें. हा खटाटोप वांचविण्यासाठीं १९९६ च्या सुमारास सिस्को वगैरे कंपन्यांनीं पाकिटावर लहान चिठ्ठी लावण्याच्या युक्त्या काढल्या. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या मंडळानें १९९७ मध्यें त्यांचा मेळ घालण्यास समिति नेमली. जानेवारी २००१ मध्यें एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन यांनीं लिहिलेला मूळ आराखडा प्रसिद्ध झाला. या पद्धतीस मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, थोडक्यांत एमपीएलएस, असें म्हणतात. चिठ्ठीवरचा आंकडा वीस बिटांचा, म्हणजे आंकडे एकंदर १०,४८,५७६ होतात. नाक्यावर जुनी चिठ्ठी निघते, नवी लागते. आंतील पाकीट तेंच राहतें. वाट अगोदरच आंखलेली असल्यामुळें वाटेंत विचार करावा लागत नाहीं.

आतां आवतणाकडे वळूं. शाळाखात्याचें परिपत्रक कसें फिरतें, तें पाहा. जिल्ह्याची कचेरी प्रत्येक शाळेला स्वतंत्र प्रत धाडीत नाहीं. ती एकेका तालुक्याला एकेक प्रत देते. तालुका केंद्रांना देतो आणि केंद्र शाळांना. जेथें वाट फुटते, तेथेंच नक्कल होते. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील स्टीव्ह डीअरिंग यांनीं हाच न्याय संगणकांच्या जाळ्यास लावला, आणि त्याचे नियम ऑगस्ट १९८९ मध्यें प्रसिद्ध झाले. समजा, मुंबईचें एक व्याख्यान नांदेडवरून पुढें शंभर गांवांना पाठवावयाचें आहे. प्रत्येकास वेगळी प्रत दिली, तर मुंबई ते नांदेड या तारेवरून तेंच भाषण शंभर वेळां धांवेल. फांट्यावर नक्कल केली, तर एकदांच. त्यासाठीं २२४ ते २३९ या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते राखून ठेवले. हा पत्ता कोणत्याहि गांवाचा नव्हे, तो मंडळींचा. ज्याला ऐकावयाचें असेल, त्यानें जवळच्या राउटरला तसें कळवावें. मार्च १९९२ मध्यें सॅन डिएगो येथील आयईटीएफच्या सभेंतील भाषणें या रीतीनें वीस ठिकाणीं ऐकविलीं गेलीं.

त्या वेळीं पुष्कळांना वाटलें कीं, जाळ्यावर नवी नभोवाणीच अवतरली. नभोवाणीचा महिमा मोठा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली, तेव्हां बाळापूर त्याच्याच राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें. ज्याच्यापाशीं यंत्र होतें, त्याला ती बातमी राजधानींतल्या माणसाबरोबर त्याच क्षणीं ऐकूं येत होती. आणखी एक श्रोता वाढला, म्हणून नभोवाणीला एक पैहि अधिक लागत नाहीं.

मग इंटरनेटवर तसें कां झालें नाहीं? आकाश कोणाची नोंद ठेवीत नाहीं. फांट्यावरच्या यंत्राला मात्र प्रत्येक मंडळीची वही ठेवावी लागते. हजार मंडळी, तर हजार नोंदी. शिवाय वाट एका कंपनीच्या हद्दींतून दुसरीच्या हद्दींत जाते. नक्कल करण्याचे कष्ट एकीचे आणि मिळकत दुसरीची! एखादें पाकीट हरवलें आणि हजार श्रोत्यांनीं एकदम तक्रार केली, तर धाडणारा तक्रारींखालींच गुदमरतो. म्हणून सार्वजनिक इंटरनेटनें ही रीत स्वीकारली नाहीं. क्रिकेटचा सामना आजहि घरोघर निराळी प्रत होऊन जातो. त्या प्रतींचीं कोठारें जवळपास ठेवून वेळ निभावतात, इतकेंच.

तथापि एकाच धन्याच्या कुंपणांत या अडचणी उरत नाहींत. तेथें चिठ्ठी आणि फांटा यांची गांठ पडली. मे २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणें यजमानानेंच आवतणाची यादी करून वाटांचें झाड आंखावें. २०११ मधील नियमांप्रमाणें पाहुण्यांनीं आपली इच्छा कळवीत मुळापर्यंत जावें. दोन्ही रीतींत एक चिठ्ठी फांट्यावर येते आणि दोन-तीन वेगळ्या चिठ्ठ्या होऊन निघते. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या कंपन्यांच्या जाळ्यांतून अशा रीतीनें वाटतां येतात.

आपल्याशीं याचा संबंध असा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २५ ऑक्टोबर २०११ रोजीं मंजूर केली. पुढें तिला भारतनेट म्हणूं लागले. पहिल्या टप्प्यांत तालुक्याहून निघालेला प्रकाश वाटेंत विभागून गांवोगांव जाई. फांदी तुटली कीं तिच्यापुढचीं सारीं गांवें मुकीं. ऑगस्ट २०२३ मध्यें १,३९,५७९ कोटि रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तींत तालुका व ग्रामपंचायत या ठिकाणीं राउटर बसवून तीं वर्तुळांत जोडावयाचीं, आणि जाळें एमपीएलएसचें करावयाचें, असें ठरलें आहे.

म्हणजे चिठ्ठी वाचून नक्कल करूं शकणारा फांटा तालुक्याच्या गांवीं यावयाचा आहे. तो सार्वजनिक पैशाचा, म्हणून कुंपणहि सर्वांचें. शेतीची सूचना, आरोग्याचा इशारा किंवा एखाद्या चांगल्या शिक्षकाचा पाठ शंभर गांवांना एकाच वेळीं द्यावयाचा झाल्यास तारेवर शंभरपट भार घालण्याचें कारण नाहीं. विद्या उपलब्ध आहे. तिला आतां कोणीतरी आवतणाची यादी हातीं घेऊन फांट्यावर उभें राहणारें हवें. यादी करणाऱ्यानें एवढेंच पाहावें कीं, रस्त्याच्या शेवटचें गांव तींतून गळूं नये.