रात्रपाळीतून दुपारपाळीत

१९२९ साली विलेपार्ल्यात पार्ले कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी उपनगरांना वीज द्यायला ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ (बीएसईएस) कंपनी निघाली. योगायोगच, पण बोलका.

वीज येई घाटातून. टाटांचं खोपोली केंद्र १९१५ पासून, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७ पासून चालू होतं. वळवण, शिरवटा, मुळशीच्या तलावांत अडवलेलं पावसाचं पाणी हीच त्या काळची बॅटरी: मागणी चढली की पाणी सोडायचं, उतरली की झडपा आवळायच्या. (मुळशीकरांनी या साठ्यापायी जमिनी गमावल्या; सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यासाठीच होता.) पुढे १९९०च्या दशकात भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संच बसला. रात्रीच्या शिल्लक विजेवर पाणी पुन्हा वर चढू लागलं.

दरम्यान मरोळची एमआयडीसी वसली, १९७३मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं. लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुप-मुलुंडचे कारखाने होतेच. मात्र अंधेरी, बोरिवली, घाटकोपर बीएसईएसकडे आणि मुलुंड-भांडुप वीज मंडळाकडे, अशी वाटणी. म्हणून २००५ नंतरच्या टंचाईत बाकी मुंबई झगमगत असताना मुलुंडकर भारनियमन सोसत होते.

अशा टंचाईत ग्रिड सावरायचं काम कारखान्यांवरही येई. सगळ्यांचा भार एका दिवशी पडू नये म्हणून साप्ताहिक सुट्ट्या विभागून दिलेल्या. पिंपरी-भोसरीची गुरुवारची सुट्टी त्यातलीच. २००० साली वीज नियामक आयोगाने वेळेनुसार दर आणले: संध्याकाळी महाग, रात्री स्वस्त. रात्रीची सवलत ही ग्रिड सांभाळल्याची मजुरीच म्हणायची. ती मिळे कारखानदाराला. कामगाराच्या झोपेचा हिशेब कुठल्या बिलात नव्हता. २००६मध्ये पुण्याच्या उद्योगांनी त्याहून पुढची पायरी गाठली. टंचाईच्या तासांत ग्रिडची वीज सोडून ते स्वतःच्या डिझेल जनित्रांवर चालले, शहराचं भारनियमन टळलं आणि जादा खर्च पुणेकर ग्राहकांनी उचलला. वीज मिळाली, धूरही मिळाला.

मुंबईत टाटा पॉवरने २०१२च्या सुमारास मोठ्या ग्राहकांसाठी ‘डिमांड रिस्पॉन्स’ सुरू केला. निरोप आला की ग्राहकाने वापर घटवायचा, त्याबद्दल मोबदला घ्यायचा.

मग १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्या कोलमडल्या, मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. संकटात मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून वाचवणारी, १९८१पासूनची ‘आयलंडिंग’ व्यवस्था ऐनवेळी टिकली नाही. शहरातली स्वतःची निर्मिती भाराच्या मानाने तोकडी पडली.

आता सौरऊर्जेने घड्याळच फिरवलंय. २०२५च्या महावितरणच्या (पूर्वीच्या वीज मंडळाच्या) दररचनेत उद्योगांची सवलत रात्रीवरून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत आली. मुलुंडच्या कारखानदाराने छतावर पॅनेल लावली तर त्याची वीजही नेमकी याच तासांत, म्हणजे ग्रिडकडेच स्वस्त वीज असताना तयार होणार. ती संध्याकाळच्या महाग वेळेपर्यंत नेता आली तर खरा उपयोग, आणि तिथे बॅटरी लागते. त्याच वर्षी टाटा पॉवरला मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॅटची बॅटरी साठवण उभारायची मंजुरी मिळाली. ग्रिड पुन्हा कोसळलीच, तर मेट्रो, रुग्णालयं आणि डेटा सेंटरना त्यातून आधी वीज द्यायची आहे.